बियाला सोडलेले दोन दोडके

आमच्या कॉलनीत नवीन बिऱ्हाड आलं, की आठवड्याभरात कुणीतरी त्यांना माझी बाग दाखवायला घेऊन येतं. मी चहा टाकते आणि मग आम्ही फाटकापासून सुरुवात करतो. रंगवलेल्या टायरांतली मेथी, आडव्या कापून टांगलेल्या बाटल्यांतला पुदिना, कयाधूच्या पात्रातून वेचून आणलेल्या गोट्यांची वाट, कुंपणावर चढवलेले वेल. लोक फोटो काढतात. मला कौतुक आवडतं, हे लपवण्यात अर्थ नाही. वीस वर्षं शाळेत पोरांना शाब्बास म्हणत आले, मला ते फारसं कुणी म्हटलं नाही, म्हणूनही असेल. पण पाहुणे फाटकाजवळच्या डाव्या कोपऱ्याशी थांबून विचारतात, ‘इथं काय लावता?’ तेव्हा मी ‘दोडका’ एवढंच म्हणते आणि त्यांना पुढे काढते. त्या कोपऱ्यात मी काय केलं, ते माझ्या नवऱ्यालाही मी धड सांगितलेलं नाही.

हिंगोलीच्या आमच्या बाजूला प्लॉट पडले त्याआधी तिथं सोयाबीन असायचं. जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. अशा जमिनीवर घर बांधलं आणि मला बागेचं वेड लागलं. मी शेतकऱ्याची मुलगी, शेतकऱ्याची सून, आणि मला साधी कोथिंबीर उगवता येत नव्हती. आमच्या घरी ‘तू शिक, मातीत हात घालू नकोस’ असं होतं, ते मी जरा जास्तच मनावर घेतलं. मग मोबाइलवर ‘घरच्या घरी पाच सोप्या भाज्या’ असले व्हिडिओ बघून कामाला लागले. अख्खे धने पेरले, ते उगवलेच नाहीत. पालकाला इतकं पाणी घातलं की तो कुजला. मिरचीवर बोकड्या पडला, पानं आकसून गोळा झाली. टायर मात्र मी झकास रंगवले होते, पिवळे आणि निळे, वर पांढरे ठिपके.

त्याच वर्षी सासरे गेले आणि सासूबाई कुरुंद्याकडचं शेत अर्ध्या वाट्यावर, बटईनं देऊन आमच्याकडे राहायला आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आल्या दिवशीच त्यांनी कमरेवर हात ठेवून माझी बाग पाहिली.

‘टायरात मेथी? काहून गं, जमीन पळून चालली का?’

मला राग आला. मला राग पटकन येतो, आणि उतरतो हळू. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी धने पोत्यावर पसरून चपलेनं रगडले, त्यांची डाळ पडली तशी ओळीत पेरली, आणि बारा-पंधरा दिवसांत कोथिंबीर वर आली. वांग्यावर मावा दिसला तर चुलीतली राख चाळून फेकायच्या. चूल नव्हती आमच्याकडे, म्हणून त्यांनी परसात तीन दगड मांडून पाणी तापवायची चूल केली, खास राखेसाठी. हळूहळू वाटणी झाली. पुढची बाग माझी, शोभेची. मागची त्यांची, खायची. डाव्या कोपऱ्यावरून मात्र आमची धुसफूस चालायची, कारण तो रस्त्यावरून दिसायचा, आणि नेमकं तिथंच दिवसभर ऊन असायचं. मला तिथं कृष्णकमळ लावायचं होतं. त्यांनी न विचारता दोडका लावला.

तो दोडका साधा नव्हता. त्याचं बी त्यांच्या माहेरचं. पहिल्या बाळंतपणानंतर सासरी परतताना आईनं फडक्यात बांधून दिलेलं. तेव्हापासून दरसाल त्या शेताच्या बांधावर ते लावत आल्या होत्या. आखूड, जाड शिरांचा दोडका, शिजवला की घरभर वास. शिरांची चटणी त्या वेगळी करायच्या. शेत बटईला दिल्यावर पहिल्याच पावसाळ्यात बटईदारानं बांधावर तणनाशक मारलं. त्याचं काही चुकलं असंही नाही, हल्ली सगळेच मारतात. पण बांधावरचे सगळे वेल जळाले. सासूबाईंच्या डब्यात राखेत ठेवलेलं मूठभरही बी उरलं नव्हतं. जे होतं ते त्यांनी आमच्या कुंपणाशी टोचलं, त्यातल्या तीन बिया उगवल्या.

वेल कुंपणभर झाला. दोन तोडे खाऊन झाल्यावर त्यांनी सरळ, भरदार असे दोन दोडके निवडले आणि बियाला सोडले. जुन्या लाल लुगड्याची किनार फाडून त्याच्या चिंध्या दोन्ही देठांना बांधल्या. आमच्या भागात वेलीवरच्या चिंधीचा अर्थ लेकरांनाही कळतो. तिला हात लावायचा नाही. पाहुणा आला, घरात भाजी नसली, तरी नाही. लहानपणी मी अशी चिंधी बांधलेली काकडी तोडून खाल्ली होती, तेव्हा आईनं दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

बागेला शेणखत आणायची ती जवळच्या तांड्यावरची एक बाई. पन्नाशीच्या पुढची, अंगानं काटक. दर पंधरा दिवसांनी डोक्यावर टोपलं घेऊन यायची, खत स्वतःच वाफ्यात पसरायची, आणि मग सासूबाईंजवळ टेकायची. मी तिला मावशी म्हणायचे. ती सासूबाईंना माय म्हणायची, मला मॅडम. तिच्या घरची बोली वेगळी, पण वाल कधी टोचायचा, भोपळ्याला फूल येतं आणि फळ धरत नाही ते कशानं, यावर दोघींचं तासतासभर चालायचं. सासूबाईंना हिंगोलीत दुसरं कुणी बोलायला नव्हतं. शेजारणी यायच्या, पण त्या मालिकांवर बोलायच्या.

एकदा सासूबाईंनी तिला दोडक्याची भाजी आणि भाकरी वाढली. खाऊन झाल्यावर ती म्हणाली, ‘माय, याचं चार बी मला ठेवजा.’

‘चार काहून? दोन दोडके बांधून ठेवलेत. एक माझा, एक तुझा. वाळू दे बराबर.’

हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं होतं.

दिवाळीनंतर शाळा उघडायच्या आधी मी शाळेतल्या बायांना फराळाला बोलावलं. त्यातली एक बागांचे व्हिडिओ काढून टाकते, तिला बरेच लोक बघतात. ती येणार म्हटल्यावर मी दोन दिवस झपाटल्यासारखी बाग आवरत होते. टायरांना पुन्हा रंग दिला, गोटे धुतले. सासूबाई शेजारच्या बायांबरोबर औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेल्या होत्या, तिथंच बहिणीकडे एक मुक्काम करणार होत्या. जाताना म्हणाल्या, ‘दोडके वाळत आलेत. आल्यावर उतरवते.’

फराळाच्या दिवशी सकाळी मावशी खत घेऊन आली. मीच तिला लवकर बोलावलं होतं, पुढचे वाफे काळेभोर दिसावेत म्हणून. मी ऑनलाइन मागवलेली हिरव्या मुठीची कात्री घेऊन डाव्या कोपऱ्यात वाळकी पानं काढत होते. ती जाता जाता थांबली, एक दोडका तिनं बोटानं हलकेच हलवला. आत बी वाजलं. ‘तयार झालं की, मॅडम,’ ती म्हणाली, आणि हसत गेली.

ती गेल्यावर मी फाटकाबाहेर जाऊन, रस्त्यावरून बाग कशी दिसते ते पाहिलं. सगळं नीटनेटकं, आणि फाटकाला लागून वाळलेला वेल, त्यावर दोन तपकिरी, सुरकुतलेले दोडके आणि मळक्या चिंध्या. व्हिडिओत पहिलं तेच येणार होतं. मी कात्री चालवली. कापताना मनाशी म्हटलं, दोडके माळ्यावर ठेवू, आत्याबाई येऊन बी काढतील. आणि वेल ओढून काढायच्या गडबडीत ते वाळक्या पाल्याबरोबर पोत्यात गेले.

विसरले, असं लिहायला मला फार बरं वाटलं असतं. पण घंटागाडीचं गाणं ऐकू आलं आणि मी पोतं उचललं, तेव्हा आत बी खुळखुळलं. मी ते ऐकलं. गाडीवाला हॉर्न वाजवत होता, बाया दोन तासांत येणार होत्या, आणि मी नुकतेच हात स्वच्छ धुतले होते. पुन्हा त्या कुसळांत हात घालायचा मला कंटाळा आला. खरं कारण एवढंच. मी पोतं गाडीत टाकलं.

फराळ छान झाला. बायांनी वाहवा केली. व्हिडिओ काढणारीनं फाटकापासून सुरुवात केली आणि म्हणाली, ‘किती क्लीन ठेवलंय!’ मी लाजून हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आल्या. पाय धुवायच्या आधी, हातातला प्रसाद तसाच धरून, त्या कुंपणाशी गेल्या. मी पोळ्या लाटत होते. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी वाकून कुंपणाशी काहीतरी चाचपलं, मग आत आल्या.

‘वेल काढला व्हय गं?’

‘वाळला होता ना.’

‘आन् दोडके कुठं हायेत?’

‘नाहीत का तिथं?’ मी म्हणाले.

‘काल कोण कोण आलं व्हतं?’

‘आमच्या शाळेतल्या बाया. आणि सकाळी खतवाल्या मावशी येऊन गेल्या.’

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. मी पोळी तव्यावर टाकली. सासूबाईंनी प्रसादाची पुडी ओट्यावर ठेवली. मी तेव्हाच सांगितलं असतं तर काय झालं असतं? चार दिवस घर घुमं राहिलं असतं. माझ्यासारख्या तिखट तोंडाच्या बाईला चार दिवसांचं घुमं घर एवढं जड का वाटावं, मला आजही कळत नाही. व्हिडिओवर कौतुकाचे शेरे येत होते, मी ते वाचत होते, आणि ‘मीच फेकले’ हे तीन वेळा ओठांवर येऊन परत गेलं.

पंधरवड्यानं मावशी खत घेऊन आली. मी शाळेत निघाले होते, स्कूटीपाशी उभी होते. सासूबाई दारातूनच बोलल्या.

‘एक तुझा म्हणले व्हते ना मी? मग दोन्ही काहून नेलेस?’

तिनं टोपलं खाली ठेवलं. ‘काय नेलं माय?’

‘दोडके. बियाचे.’

‘म्या न्हाई नेले. देवाशपथ न्हाई.’

त्यावर सासूबाई तांड्याच्या माणसांबद्दल एक वाक्य बोलल्या. ते मी इथं लिहिणार नाही. आमच्या घरांत ती वाक्यं पिढ्यान्‌पिढ्या तयारच असतात, तोंडात यायला वेळ लागत नाही. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये स्कूटीची चावी शोधू लागले. चावी माझ्या हातातच होती.

तिनं नेहमीच्या जागी खत ओतलं, हातानं पसरलं, आणि रिकामं टोपलं उलटं धरून झटकत राहिली. खूप वेळ झटकत होती. मग ते काखेला मारून निघून गेली. मी शाळेत पोचले तेव्हा परिपाठ सुरू झाला होता.

त्यानंतर ती आली नाही. मी बाजारातून पिशवीतलं खत आणलं. सासूबाईंनी मागच्या वाफ्यात जाणं जवळजवळ सोडलं. दुपारभर त्या व्हरांड्यात फाटकाकडे तोंड करून बसायच्या. कुरुंद्याला त्यांनी दोन-तीन घरी फोन करायला लावले, माहेरी भावजयीला विचारायला लावलं, ते बी कुणाकडे आहे का म्हणून. भावजय म्हणाली, आता सगळे पाकिटातलंच लावतात. प्रत्येक फोन मीच लावून दिला, आणि मीच स्पीकर चालू केला.

इकडे तो व्हिडिओ गाजला. शाळेत माझा नारळ-शाल देऊन सत्कार झाला. मुख्याध्यापकांनी पोरांसमोर दोन शब्द बोलायला सांगितलं. बोलायची मला सवय आहे, शब्द आपोआप येतात. सोप्या भाज्या, सांडपाण्याचा उपयोग, आणि शेवटी मी म्हणाले, ‘मुलांनो, आपलं गावरान बियाणं आपणच जपलं पाहिजे.’ पोरांनी टाळ्या वाजवल्या. माईक हातात होता आणि माझे कान तापले. त्या दिवशी मला डबा गेला नाही. घरी आले तेव्हा सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी शाल सोफ्यावर टाकली आणि उभ्या उभ्याच बोलले.

‘आत्याबाई, ते दोडके मीच कापले. घंटागाडीत गेले.’

त्यांचे हात थांबले नाहीत. ‘ठावं हाय मला.’

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. पण त्यांनी पुढची शेंग घेतली आणि म्हणाल्या, ‘त्याच दिशी कळलं. हातानं पिरगाळून तोडलं तर देठ चिंबतं. कुंपणाला अडकलेल्या वेलावर त्या दोडक्यांचे दोन्ही देठ राहिले व्हते, बराबर सपाट कापलेले. तशी कात्री तुझ्याबिगर कोणाकडं हाय?’

‘मग तिला का बोललात?’

आता त्या थांबल्या. ताटलीतल्या हिरव्या दाण्यांवरून हात फिरवत राहिल्या. ‘तुला बोलले असते तर रोज तुझ्या हातची भाकर कशी खाल्ली असती? मला हितंच राहायचं हाय, मरोस्तर. तिला बोलणं सोपं व्हतं.’ मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, ‘लई वाईट केलं म्या. ती माझ्याजवळ बसत व्हती.’

मला रडू आलं नाही, शरम वाटली, आणि ती अंगभर वाटली. इतके दिवस मला वाटत होतं की मी एक खोटेपणा एकटीनं पोटात घेऊन हिंडतेय. प्रत्यक्षात मी माझ्याच घरात सत्तरीच्या बाईला अशा जागी आणून ठेवलं होतं, की तिला सुनेची भीती वाटली आणि तिनं आपल्या एकुलत्या मैत्रिणीला चोर म्हटलं. त्यांना माझी भीती वाटते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी स्वतःला फटकळ पण मनाची चांगली समजत होते.

रविवारी स्कूटीवर मागे सासूबाईंना बसवून मी तांड्यावर गेले. मावशीचं घर शोधायला वेळ लागला नाही. तिच्या अंगणात ना टायर, ना बाटल्या. कुडाच्या कुंपणावर वाल चढलेला, गोठ्याच्या मागे लसणाचा एक वाफा. आम्हाला पाहून ती उठली, बाज झटकून दिली, तांब्याभर पाणी आणलं. सासूबाई बाजेवर बसल्या नाहीत. उभं राहूनच त्यांनी तिचा हात धरला. ‘म्या जाणूनबुजून तुझ्यावर आळ घेतला,’ त्या म्हणाल्या. ‘मला ठावं व्हतं, तू न्हाई नेलं.’ मावशीनं हात सोडवून घेतला नाही.

मग मी बोलले. सगळं बोलले, पोत्यातलं बी वाजलं तेही.

ती माझ्याकडे पाहत होती. ‘तुमच्या हातात कात्री म्या पाहिली व्हती मॅडम. म्हणलं, आता बोलत्याल, आता बोलत्याल. टोपलं झटकत उभी राहिले. टोपलं झटकाया येवढा येळ लागतो का?’

‘मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?’ मी विचारलं. विचारल्यावर लगेच कळलं की असं विचारायला नको होतं.

‘कोणाचं खरं धरलं असतं?’ ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

चहा गोड होता. सासूबाईंनी लसणाची चौकशी केली, तिनं उत्तरं दिली. निघताना ती म्हणाली, ‘जाऊ द्या माय, झालं ते झालं.’ मला हलकं वाटलं. स्कूटी चालवताना मी मनातल्या मनात पुढच्या पावसाळ्याचे बेतसुद्धा करू लागले. माफी मागितली की प्रकरण मिटतं, अशी माझी समजूत होती.

आठवड्याभरानं सकाळी बाहेरून हाक आली, ‘मॅडम, खत आणलंय.’ मी धावत गेले. ती फाटकाबाहेर रस्त्यावर उभी होती, टोपलं उतरवून पायाशी ठेवलेलं.

‘आत या ना मावशी. आत्याबाई वाटच बघतायत.’

‘न्हाई मॅडम. मी हितंच बरी.’

‘असं काय करता? नेहमीच्या जागी टाका.’

तिनं पदर सावरला. आवाजात राग नव्हता, दूधवाल्याला रतीब सांगावा तसं साधं सांगितलं. ‘उद्या तुमच्या घरचं आणखी काई हरवलं, तर ती आत आलीच न्हाई, असं तरी तुमाला म्हणता यायला पाहिजे.’

सासूबाई व्हरांड्यातून उठून दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी ऐकलं, आणि तिथूनच परत फिरल्या.

डाव्या कोपऱ्यात आता पाकिटातल्या बियाचा दोडका आहे. लांब, हिरवागार, फोटोत चांगला दिसतो. त्याला सासूबाई चिंधी बांधत नाहीत, कारण त्याच्या बियाला पुढच्या वर्षी तसं फळ धरत नाही. मावशी अजूनही दर पंधरा दिवसांनी येते. तिची वेळ झाली की मी फाटक आधीच सताड उघडून ठेवते. ती बाहेर टोपलं उतरवते, मी ते उचलून आत नेते, वाफ्यात पसरते आणि रिकामं करून तिला परत आणून देते. तोवर ती रस्त्यावर उभी असते.